ईश्वरीची पट्टी

सिस्टर रोहिणी टोणपेला कुणी मत्सरी म्हटलं असतं, तर तिने आधी त्या माणसाला ताप आहे का ते पाहिलं असतं. चोवीस वर्षांच्या नोकरीत तिने कुणाच्या बढतीवर नाक मुरडलं नव्हतं. दोन्ही जावांनी शेजारी शेजारी बंगले बांधले, तेव्हाही ती वास्तुशांतीला जाऊन पोटभर जेवून आली होती. पण बावन्नाव्या वर्षी तिच्या पोटात दुखायला लागलं, आणि तेही कशावरून, तर वॉर्डातल्या सव्वीस वर्षांच्या नर्स ईश्वरी बोधेला आपल्यापेक्षा जास्त दुःख होतं यावरून.

ही गोष्ट २०३९ सालची, मिरजेतल्या एका रुग्णालयातली. तिथे ‘सोबत’ नावाचा बारा खाटांचा वॉर्ड होता. बरं होण्याची आशा संपलेली माणसं तिथे येत. त्यांच्या वेदना कमी करायच्या, तोंड ओलं ठेवायचं, दर दोन तासांनी कूस बदलायची आणि शेवटच्या घटकेला माणूस एकटं राहणार नाही एवढं बघायचं, हे तिथलं काम. आठवड्याला दोन-तीन मृत्यू ठरलेले. नातेवाईक घरी जाऊन रडायला मोकळे. नर्सने मात्र चादर बदलायची आणि शेजारच्या खाटेवर जाऊन हसून विचारायचं, काका, नाश्ता केला का.

या नर्सांच्या दुःखाचं काहीतरी करायला हवं हे उशिरा का होईना वरच्यांना सुचलं, आणि मनगटावरची पट्टी आली. तत्त्व साधं होतं. माणसाला दुःख झाकता येतं, शरीराला येत नाही. जवळचं कुणी गेलं की घामातलं कॉर्टिसोल वाढतं, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एरवी सैल असतं ते आवळून बसतं, झोपेत अंगाचं तापमान जसं उतरायला हवं तसं उतरत नाही. पट्टी हे सगळं टिपून त्याचा एक आकडा करायची, शून्य ते शंभर. त्याला शोकभार म्हणत. धावपळीचा, भांडणाचा, तापाचा ताण वेगळा काढायला ती शिकलेली होती. आता कुणाचं हृदय मुळातच जोरात चालतं, कुणाला घामच जास्त येतो. म्हणून पहिले तीस दिवस पट्टी नुसती बघत राहायची. त्या तीस दिवसांत जे दिसेल ती त्या बाईची नेहमीची पातळी, आणि पुढची सगळी मापं त्या पातळीपासून.

आकडा साठच्या वर गेला की दोन दिवसांचा ‘विसावा’ मिळे आणि समुपदेशक अत्तार मॅडमकडे तासभर बसायला मिळे. ऐंशीच्या वर गेला की पट्टी तांबडी होई. तांबड्या पट्टीच्या नर्सने मरणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ थांबायचं नाही, हा कडक नियम होता. आणि ज्यांचा आकडा कमी, त्यांच्याकडे पुढचा मृत्यू. भार सगळ्यांवर सारखा वाटायचा, असा त्यामागचा सरळ विचार.

पण ‘सोबत’मध्ये पट्टीच्याही आधीपासून एक रीत होती. पेशंट गेला की त्याची ‘जवळची’ कोण हे ठरायचं. शेवटची आंघोळ जवळचीने घालायची, केस तिने विंचरायचे, नातेवाइकांना दोन शब्द तिने सांगायचे. पूर्वी हे रोहिणी ठरवी आणि तिचं कधी चुकत नसे. पट्टी आल्यावर ते आकड्यावर जाऊ लागलं. तसा नियम कुणी केला नव्हता. टेबलावरच्या पडद्यावर सगळ्यांचे आकडे दिसत असताना नऊवालीला जवळची म्हणणं बरं दिसेना, इतकंच.

आणि ती नऊवाली म्हणजे रोहिणी. तीन वर्षांत तिचा शोकभार बाराच्या वर गेला नव्हता. कॅन्टीनमध्ये कुणीतरी कौतुकाने म्हणालं होतं, टोणपे सिस्टर म्हणजे पक्का खडक. रोहिणी हसली होती. घरी गेल्यावर भाजी चिरताना मात्र तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं आणि ती स्वतःकडे बारीक नजरेने बघायला लागली. परवा साखर कारखान्यातले कारकून गेले. त्यांचं तिने एकोणीस दिवस केलं होतं, आकडा आठ. ईश्वरी त्यांच्याकडे चार दिवस होती, आकडा एकाहत्तर. कारकुनांच्या बायकोने ईश्वरीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, पोरी, तू आमच्या घरचीच. रोहिणी तेव्हा शेजारी उभी राहून मृत्यूचा दाखला भरत होती.

ईश्वरी वाईट असती तर सगळं सोपं झालं असतं. ती कामाला चोख होती, सिस्टर सिस्टर करत मागे असायची, डब्यातली शेंगदाण्याची चटणी आधी रोहिणीच्या पोळीवर ठेवायची. रोहिणीला ती चटणी गोड लागेना. हिला एवढं दुःख करायला वेळ कुठून मिळतो, असं तिच्या मनात यायचं आणि मग स्वतःचीच शरम वाटायची. शरम वाटली म्हणून जळणं काही थांबत नव्हतं.

अशात मालती ढवळेबाई आल्या. वय एक्क्याऐंशी, स्वादुपिंडाचा कर्करोग, लग्न केलेलं नाही, जवळची म्हणून बेळगावला एक भाची. चाळीस वर्षं त्यांनी खो-खोच्या मैदानावर पंच म्हणून काढली होती आणि खाटेवर पडल्यापडल्याही वॉर्ड चालवायला घेतला होता. डॉक्टर उशिरा आले की त्या मनगटावर घड्याळ नसताना मनगटाकडे बघायच्या. सगळ्यांना आडनावाने हाक मारायच्या. ‘टोणपे, चहा बशीत ओत. टोणपे, त्या पाच नंबरच्या म्हाताऱ्याला सांग, कण्हायचं तर एका सुरात कण्ह.’

रोहिणीचा जीव जडला. हे तिने कुणाजवळ कबूल केलं नाही, पण बाईंच्या खाटेशी ती गरजेपेक्षा जास्त वेळा जाऊ लागली. अकरा आठवडे बाईंची आंघोळ तिने कुणाला घालू दिली नाही. उजव्या खांद्याखाली उशी कुठे हवी, मॉर्फिन दिल्यावर जीभ कोरडी पडते तेव्हा पाणी नको, चोखायला कोकमाचा बर्फ हवा, हे तिला न सांगता कळायचं. बाईही खूश होत्या. एकदा म्हणाल्या, “टोणपे, तू फार नेमकी आहेस. पंच व्हायची होतीस तू.” रोहिणीने ते वाक्य दोन दिवस जपून वापरलं.

तिसऱ्या दिवशी ईश्वरीची संध्याकाळची पाळी लागली. बोलता बोलता निघालं की ती इस्लामपूरच्या शाळेकडून खो-खो खेळलेली आहे. झालं. बाई तक्क्याला टेकून बसल्या. खांबावरून सूर मारताना डावा पाय कुठे ठेवायचीस, हे विचारलं. चुकीचं उत्तर आल्यावर आनंदाने रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रोहिणी स्पंजिंगचं पाणी घेऊन गेली तर पहिला प्रश्न आला, “पोरगी कधी येणार?” अख्ख्या रुग्णालयात आडनावाशिवाय हाक मिळालेली ती एकटी. रोहिणीने पाणी गरम आहे का ते पाहिलं आणि म्हणाली, चारला.

‘सोबत’मध्ये प्रत्येक पेशंटला शुद्धीत असताना विचारून एक अर्ज भरायचा असे: शेवटी सोबतीला कोण हवं. बाईंचा अर्ज रोहिणीने मुद्दाम लांबवला होता. एके दुपारी, ईश्वरी सुट्टीवर आहे हे बघून, ती अर्ज घेऊन बसली.

“बाई, त्या वेळी जवळ कोण असावं असं वाटतं?”

बाईंनी डोळे मिटले. रोहिणीने पेन अर्जावर टेकवलं. बाई म्हणाल्या, “जी मोकळी असेल ती. त्याला काय निवड चाचणी घ्यायची आहे?”

रोहिणीने ते जसंच्या तसं लिहिलं, खाली बाईंची सही घेतली आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. पट्टीकडे पाहिलं. सात. अकरा आठवड्यांच्या मायेचे सात. पट्टीत बिघाड आहे म्हणावं तर ती दोनदा तपासून आली होती. म्हणजे बिघाड आपल्यातच, असं तिने धरलं. मरणं बघून बघून आपलं आतलं सुकून गेलं असणार, आणि बाईंना ते कळलं असणार. म्हणून ती पोरगी आणि म्हणून आपण टोणपे.

बाईंचे शेवटचे दिवस आले हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं. लघवी कमी झाली, गुडघ्यांवर निळसर डाग आले. उद्या, फार तर परवा. दुसऱ्या दिवशीची सकाळची पाळी दोघींची होती. आणि काय होणार हे रोहिणीला आधीच डोळ्यांसमोर दिसत होतं: ईश्वरीचा आकडा सत्तरवर, आपला नऊ. आंघोळ ईश्वरी घालणार. बेळगावची भाची ईश्वरीचे हात धरणार. आपण दाखला भरणार.

पट्ट्या रोज कपडे बदलायच्या खोलीत चार्जिंगच्या ट्रेमध्ये ठेवलेल्या असत. सगळ्या एकसारख्या करड्या. कुणाची कुठली हे आतल्या बाजूला चिकटवलेल्या नावावरून कळे; पट्टीला स्वतःला आपण कुणाच्या मनगटावर आहोत याचा पत्ता नसे; पहिल्या दिवशी जिच्यासाठी नोंदली तिच्याच नावावर ती आकडा पाठवी. कोण कशाला दुसरीची पट्टी घालेल, म्हणून त्याची सोयही कुणी केली नव्हती. सकाळी पावणेसातला रोहिणी त्या खोलीत एकटी होती. तिने आपल्या आणि ईश्वरीच्या नावाचे दोन कागद नखाने सोडवले आणि अदलाबदल करून चिकटवले. ईश्वरीचं दुःख आज आपल्या नावावर लागेल आणि आपला दगड तिच्या नावावर. एवढंच तर हवं होतं. हात थरथरला नाही, याचं तिला वाईट वाटलं.

साडेदहाला बाईंचा श्वास बदलला. मध्येच थांबायचा, मग खोल यायचा. पडदे ओढून दोघी दोन बाजूंना बसल्या, डावीकडे रोहिणी, उजवीकडे ईश्वरी. ईश्वरीच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती बाईंचा तळवा चोळत काहीबाही बोलत होती, इस्लामपूरच्या मैदानाबद्दल, चुन्याच्या रेघांबद्दल. रोहिणीने कोकमाच्या बर्फाने बाईंचे ओठ ओले केले. बाई ईश्वरीच्या बाजूला मान वळवून होत्या. रोहिणीला फक्त त्यांचा कान आणि पांढरे केस दिसत होते. एखाद्या मरणाऱ्या बाईने मान कुठे वळवावी यावरून जळणारी नर्स जगात दुसरी नसेल, असं तिला वाटलं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी टेबलावरचा पडदा वाजू लागला. पाच मिनिटांत तळमजल्यावरून मेहेरुन्निसा अत्तार चढून आल्या. खाटेभोवतीच्या पडद्याच्या फटीतून त्यांनी ईश्वरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात सांगितलं की, बाळ, तुझा आकडा शहाण्णव झालाय, आता इथे थांबायचं नाही. ईश्वरी म्हणाली, मॅडम, मी बरी आहे. सगळ्या असंच म्हणतात, असं म्हणून अत्तार मॅडमनी तिला उठवलं. ईश्वरीने रोहिणीकडे बघितलं, सिस्टर काहीतरी बोलतील म्हणून. रोहिणीने बाईंच्या उशीची कड सारखी केली. ईश्वरी तोंडाला ओढणी लावून निघून गेली.

रोहिणीने बाही वर केली. मनगटावर तांबडी रेघ होती. शहाण्णव. ईश्वरीच्या पट्टीने, ईश्वरीच्या मापाने मोजलेलं, पण रोहिणीचं स्वतःचं दुःख.

तिला पहिल्यांदा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. ईश्वरीचा आकडा जन्मात कधी एकाहत्तरच्या वर गेला नव्हता. खडक म्हणे. सात म्हणे. ही बघा, शहाण्णव आहे मी. वॉर्डाच्या मधोमध उभं राहून हे ओरडून सांगावं असं तिला वाटलं. आणि त्याच क्षणी तिला कळलं की ते सांगता येणार नाही. आकडा आपला म्हणायचा तर पट्टी कबूल करायची, आणि पट्टी कबूल केली की नियमाने उठून जायचं. बसून राहायचं तर आकडा ईश्वरीचा. मग राहू दे. आकड्याचं काय घेऊन बसायचंय? आत्ता बाई आहेत आणि आपण आहोत, दोघीच. अकरा आठवड्यांत एवढंच मागितलं होतं. तिने बाईंचा हात हातात घेतला आणि दहा मिनिटं ती पूर्ण सुखी होती.

मग बाईंचा दुसरा हात चादरीवरून सरकायला लागला. उजवीकडे, जिथे ईश्वरी बसली होती तिकडे. रिकाम्या स्टुलापर्यंत बोटं गेली आणि परत आली. पुन्हा गेली. बाईंचे ओठ हलले. रोहिणीने कान जवळ नेला.

“पोरगी कुठं गेली?”

“मी आहे ना, बाई. टोणपे.”

“हो,” बाई म्हणाल्या. बऱ्याच वेळाने श्वास आला. “पोरगी?”

रोहिणी हो म्हणून गप्प राहिली असती तरी कुणाला कळलं नसतं. अर्ध्या तासात बाईंनाही कळलं नसतं. नर्सने शेवटी पेशंटचं ऐकायचं असतं, हे ती चोवीस वर्षं नव्या मुलींना शिकवत आली होती. “पाठवते,” ती म्हणाली. वॉर्डातल्या मदतनीस मावशींना खाटेजवळ बसवून ती जिना उतरली.

अत्तार मॅडमच्या खोलीत ईश्वरी पाण्याचा ग्लास धरून बसली होती. रोहिणीने मनगटावरची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “ही हिची आहे. घातली मी. सकाळी मी बदलल्या. हिला वर पाठवा, बाई विचारतायत.”

ईश्वरीने स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, मग सिस्टरकडे. का, असं विचारायला तिचं तोंड उघडलं होतं. पण वर बाई विचारत होत्या. ग्लास तसाच ठेवून ती पळाली. तिने का विचारलं नाही याचाही रोहिणीला राग आला.

अत्तार मॅडमनी दार लावलं आणि दोन्ही पट्ट्यांचे आलेख पडद्यावर शेजारी शेजारी लावले. तुमच्या पट्टीवर ईश्वरी आज शून्याच्याही खाली आहे, त्या म्हणाल्या. ढसाढसा रडत असताना. मग त्यांनी तीन वर्षांपूर्वीचे, रोहिणीचे पहिले तीस दिवस काढले. कॉर्टिसोल वर, ठोके आवळलेले, झोपेत तापमान उतरतच नाही. त्या महिन्यात घरी कुणी गेलं होतं का, असं त्यांनी विचारलं. रोहिणीने आठवून पाहिलं. कुणी नाही. नेहमीचाच महिना होता. वॉर्डात नऊ का दहा गेले असतील.

“रोहिणीताई, पट्टीला वाटलं हीच तुमची विश्रांती,” अत्तार मॅडम म्हणाल्या. “एकवीस वर्षांचं सगळं अंगात होतं, ते तिने शून्य धरलं. त्याच्यावर आणखी काही चढायला जागाच नव्हती. आणि भार कमी दिसतो म्हणून आम्ही प्रत्येक वेळी तुम्हालाच पुढे बसवत गेलो.” त्यांनी चष्मा काढला. हे यंत्र ज्यांच्यावर तपासलं त्या सगळ्या पाच वर्षांच्या आतल्या नर्स होत्या, हे त्यांना माहीत होतं आणि त्याचा अर्थ त्यांच्या लक्षात आला नव्हता, असंही त्यांनी सांगून टाकलं.

रोहिणीला यावर काय वाटायला हवं ते कळेना. ती दगड नव्हती, हे बरं झालं. पण बाईंनी हात तर उजवीकडेच फिरवला होता. शहाण्णव असो नाहीतर नऊ, बाईंच्या बाजूला त्याने काहीच बदललं नव्हतं. तिने विचारलं, मी वर जाऊ का. अत्तार मॅडमनी नकारार्थी मान हलवली. नियम. पंधरा दिवस रजा, रोज इथे एक तास, आणि पट्ट्यांच्या बाबतीत मेट्रनला कळवावं लागेल. बाहेरच्या बाकावर बसायला हरकत नव्हती.

ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली. आत जाणारे तिला बघून थांबायचे, गणवेशातली सिस्टर बाहेर का बसली आहे म्हणून. दाराच्या काचेतून पडद्याची फक्त कड दिसत होती. आतून ईश्वरीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा ईश्वरी हसल्यासारखं वाटलं. मरणाऱ्या माणसाजवळ हसायला रोहिणीने कुणाला शिकवलं नव्हतं, आणि बाईंना तेच हवं होतं. बारा चाळीसला आवाज थांबला. मावशींनी बाहेर येऊन सांगितलं की झालं, त्रास नाही झाला. पोरीचा हात धरूनच गेल्या.

आत पाण्याच्या बादलीचा आवाज झाला, तशी रोहिणी उठून उभी राहिली. मग परत बसली.

भाची एकच्या सुमारास आली. पन्नाशीची, हातात प्रवासाची पिशवी, जिना चढून धाप लागलेली. गणवेश बघून ती सरळ रोहिणीपाशीच आली. आत्या गेल्याचं तिला फोनवर कळलं होतं. गाडी निपाणीला तासभर अडकली, नाहीतर पोचलेच असते, असं तिने दोनदा सांगितलं. मग तिने जे विचारायचं होतं ते विचारलं.

“शेवटी आत्या एकटी होती का हो?”

या प्रश्नाचं उत्तर रोहिणीने शेकडो वेळा दिलं होतं. आम्ही होतो, असं सांगायचं असतं. आम्ही म्हणजे सगळे आले. त्यात ती स्वतःही आली असती आणि ते खोटंही ठरलं नसतं.

“नाही,” ती म्हणाली. “ईश्वरी होती. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारून तिलाच बोलावलं होतं. त्यांना ती फार आवडायची.”

सांगून झालं आणि तिच्या आत जळजळ झाली, तोंडापर्यंत आली. इतकं कडू सत्य तिने आजवर कुठल्या नातेवाइकाला सांगितलं नव्हतं. भाचीने डोळे पुसले, बरं झालं म्हणाली, आणि मग तिचं लक्ष रोहिणीच्या चेहऱ्याकडे गेलं.

“आणि तुम्ही?”

“मी रोजची,” रोहिणी म्हणाली. “अकरा आठवडे मी त्यांना आंघोळ घातली. आज नाही घातली.”

आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा ती एका पेशंटच्या नातेवाइकासमोर रडली, गणवेशात, ड्युटीच्या वेळेत, तोंड न झाकता. भाची पिशवी खाली ठेवून शेजारी बसली आणि तिने विचारलं, आत्या चहा अजून बशीतच प्यायची का. रोहिणीने मान डोलावली, नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली.